जोडी जमली नाही म्हणे

मी बोलतेय. इकडंतिकडं शोधू नका, मी करंगळीएवढीच आहे. हिरवी पट्टी, अंगावर ओळीनं नऊ काळे दाणे आणि खालच्या कडेला बारीक सोनेरी दात. कॉम्प्युटरच्या पोटात जी मेमरी बसवतात ना, ती मी. नाव मेमरी, पण वीज गेली की पोटातलं सगळं विसरून बसते. आकडे विसरते, अक्षरं विसरते. माणसं मात्र विसरता येत नाहीत, त्याला मी तरी काय करू?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. तिथं सगळ्या बहिणी एकाच साच्यातल्या, त्यामुळं सांगण्यासारखं काही घडलं असेल असं वाटत नाही. माझी गोष्ट सुरू होते ती हैदराबादला, कोठीच्या बाजारातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस होते. आमच्या दुकानात एक बाई कडेवर मूल घेऊन शिरली. मागं तिचा नवरा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची बाटली.

बाईचं नाव मनकर्णा. पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरात राहायची. नवरा सूर्यभान स्टेशनात तिकीटबाबू, आणि कडेवरची नमू दीड वर्षाची. मनकर्णानं लग्नाआधी औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. पण दुकानात शिरताना ती अशी शिरली, जणू कुणीतरी 'तुम्हाला काय कळतं यातलं?' म्हणून आत्ताच अडवणार आहे.

तिनं रुमालाची घडी उलगडली. आत माझ्यासारखीच एक पट्टी होती, जुनी. साडीचा काठ बरोबर घेऊन लोक अस्तर जुळवायला जातात, तशी ती आपल्या मशीनमधली एक पट्टी नमुन्याला घेऊन आली होती.

"भैया, हिच्यासारख्या दोन पाहिजेत. डिट्टो अशाच."

दुकानदारानं रुमालाकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. "अरे बेहन, मेमरी मेमरी सब एकीच रहती. ये लेव, नवी आई है, तीन दाने की. और एक ये नौ दाने की लगा लेव बाजू में. चलतीच."

"और नहीं चली तो?"

"नै चली तो मैं बैठा हूँ ना यहाँ!"

"तुम यहाँ बैठे हो भैया. मशीन पूर्णा में बैठी है."

दुकानदार हसला. सूर्यभान मात्र अवघडला. हळूच म्हणाला, "अगं, तो रोज हेच विकतो. त्याला कळत असेलच की."

"त्याला कळतंय हो. पण घरी मशीनसमोर मला बसायचंय."

मग तिनं आम्हाला एकेकीला उजेडाकडं धरून पाहिलं. दाणे नऊच आहेत ना, दाण्यांच्या पाठीवर शेवटी लिहिलेला वेगाचा आकडा जुनीच्या आकड्याशी जुळतो ना, दातांचा रंग तोच आहे ना. तिच्या मशीनला पट्ट्या जोडीनंच लागायच्या, आणि जोडीत एक तुरुतुरु चालणारी, दुसरी रेंगाळणारी असली की सगळं अडायचं. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दर वेळी बघून झाल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून बघायची. नमूनं एकदा माझा कोपरा तोंडात घालायचा प्रयत्न केला. शेवटी माझी आणि माझ्या बहिणीची निवड झाली. मला वाटतं, इतकं निरखून कुणी मुलगीही पाहत नसेल.

गाडीत परतताना ती सूर्यभानला म्हणाली, "बरोबर घेतल्यात ना हो मी?"

"आता घेतल्यास ना? मग बरोबरच."

याला उत्तर म्हणतात का, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्यावर काय अवलंबून होतं ते पूर्ण्याला पोचल्यावर कळलं. घरात दुसरा पगार यायला पाहिजे, याबद्दल नवराबायकोचं एकमत होतं. तो कुठून यावा, एवढाच प्रश्न होता. औरंगाबादच्या एका संस्थेनं मनकर्णाला कॉम्प्युटर शिकवायला बोलावलं होतं. पण तिथं एकटीनं खोली घेऊन नोकरी आणि लेकरू दोन्ही कसं सांभाळणार? सूर्यभानच्या ड्यूट्या बदलत्या. म्हणजे नमूनं जिंतूरकडच्या खेड्यात, आजीजवळ राहायचं.

दुसरा रस्ता होता परभणीच्या भगवानरावांचा. त्यांचा छापखाना होता आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडं यायच्या. ते म्हणाले होते, "ताई, घरी बसून मराठी कंपोझ करून देणार असाल तर काम तुमचंच. दिवाळीपर्यंत नमुन्याची पानं दाखवा."

मशीन म्हणजे मनकर्णानं घरीच जुळवलेलं. तिच्या भावानं, वाल्मीकनं, पुण्याहून एक वापरलेला बोर्ड पाठवला होता, डबा दुसरीकडून आला, पडदा तिसरीकडून. सगळं चालायचं, पण मराठी पानं जुळवायचा प्रोग्राम उघडला की मशीन म्हणायचं, मेमरी कमी आहे. म्हणून आम्ही दोघी. आम्ही नीट बसलो तर नमू आईजवळ राहणार होती, नाहीतर जिंतूरला जाणार होती.

बोर्डावर पट्ट्यांसाठी दोन जागा होत्या, एकेका जागेत दोन खाचा, म्हणजे स्लॉट. नमुन्याला काढलेली जुनी पट्टी तिनं आधी पहिल्या जागेत, दुसऱ्या जुन्या पट्टीशेजारच्या स्लॉटात परत बसवली. तेव्हा स्लॉटची प्लास्टिकची एक कडी तडकली. कट्‌ आवाज झाला आणि मनकर्णाचा चेहरा उतरला. पट्टी कशीबशी जागेवर टिकली, पण नंतर मनकर्णानं त्या पहिल्या जागेला हात लावला नाही. आम्हा दोघींना शेजारच्या रिकाम्या दुसऱ्या जागेत बसवलं. मशीन चालू केलं. पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे चढायला लागले, चढतच गेले, पार वरपर्यंत.

प्रोग्राम उघडला. पडद्यावर 'प्रश्नपत्रिका' हा शब्द उमटला. मनकर्णा तोंडावर हात ठेवून बघत बसली. नमूनं बटणांवर पंजा मारला आणि खाली एक लांबलचक ओळ उमटली, नुसता 'ळ' आणि 'ळ'.

"बघा, पहिलं कंपोझिंग नमूबाईंचं," सूर्यभान म्हणाला.

त्या घरात मी ऐकलेलं ते सगळ्यात मोकळं हसणं. पण मनकर्णाचा स्वभाव असा, की स्वयंपाक करता करता उठून यायची आणि मशीन अजून चालूच आहे ना, ते बघून जायची. चालत्या मशीनकडं बघूनही तिचा जीव खाली बसायचा नाही.

सूर्यभानची आई केशरबाई भूकंपानंतर नातीच्या काळजीनं जिंतूरकडच्या आपल्या खेड्यातून पूर्ण्याला येऊन राहिली होती. साधी, कामसू बाई. सून काय करते ते कळायचं नाही, पण कौतुक फार. मशीनचं झाकण उघडंच असायचं, कारण आतला पंखा बंद होता आणि मनकर्णा बाहेरून टेबलफॅन लावायची. एकदा केशरबाईनं आत वाकून विचारलं, "काय करायलीस माय ह्यात?"

"ह्या दोन पट्ट्या बघा आत्याबाई. नव्या आणल्यात. आता सगळं ह्यांच्यावर आहे."

"एवढुशा?"

"एवढुशाच. पण ह्या नसल्या तर सगळं बंद."

केशरबाईनं ते मनात ठेवलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं पुजतात. केशरबाईनं विळी, पाटा-वरवंटा, सूर्यभानची सायकल, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडलं. मनकर्णा म्हणाली, "आत्याबाई, मशीनला वरून लावा हं कुंकू, डब्याला. आत पाणी चालत नाही."

"बरं माय. वरूनच लावते."

लावलंही वरूनच. झेंडूचं फूल ठेवलं. मग मनकर्णा नमूला न्हाऊ घालायला मोरीत गेली. केशरबाई तिथंच घुटमळली. मग हळू आवाजात माझ्याशीच बोलली, "डब्याला पुजायचं अन् आतल्या लक्ष्मीला कोरडंच ठिवायचं व्हय? लय वाईट दिसतं ते."

तिनं कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला टेकवलं. कुंकू ओलं होतं. एक ओघळ माझ्या अंगावरून खाली उतरला, दातांपर्यंत गेला आणि स्लॉटात शिरला. केशरबाईला एकदम सुनेचा शब्द आठवला. घाबरून तिनं पदरानं मला पुसलं. वरचं गेलं. आतलं तिला दिसण्यासारखं नव्हतं.

खरं सांगू? त्या हाताला फार माया होती. कारखान्यात, दुकानात, कुठंच मला कुणी तसं शिवलं नव्हतं.

पूजलेल्या हत्यारांना दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, त्यामुळं मशीनही बंदच राहिलं. कुंकू आत वाळलं आणि त्याचा पापुद्रा धरला. दसरा झाल्यावर मनकर्णानं बटण दाबलं. आकडे चढले, आणि निम्म्यावर येऊन थांबले. मशीन गप्प.

तिनं पुन्हा चालू केलं, पुन्हा तिथंच. आम्हाला काढलं. दात खोडरबरानं घासले, हा उपाय तिला डिप्लोमाला शिकवला होता. रबराला किंचित लाली आली. पण रबर दोन रंगांचं होतं, एक बाजू तांबडी. तिला वाटलं, रबराचाच रंग. मी स्वच्छ झाले. स्लॉटाच्या तळाशी अंधारात जे होतं ते तिथंच राहिलं. आम्हाला परत त्याच जागी बसवलं. आकडे निम्म्यावर. आम्हाला काढून टाकलं, तर जुन्या पट्ट्यांवर मशीन सुरू झालं, तेवढ्यापुरतं.

म्हणजे खोट नव्यांत, असा हिशेब झाला. आम्हाला पहिल्या जागेत बसवून पाहिलं असतं तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. ते तिला सुचलं नाही असं समजू नका. तिचा हात त्या जागेपर्यंत गेला होता. पण ती तडकलेली कडी दिसली, आणि सूर्यभान मागून म्हणाला, "अगं, आता तिथं हात लावू नको. एवढं चालायलंय, ते बी बंद पडंल."

हात मागं आला.

त्याच संध्याकाळी केशरबाई मेथी निवडत बसली होती. मनकर्णा समोर, नमू तिच्या मांडीवर पेंगत होती. मी ताटाशेजारी रुमालावर पडले होते.

केशरबाई म्हणाली, "मनकर्णा, म्या काय म्हंते... खंडेनवमीला म्या त्या पट्टीला..."

"तुमचं काही नाही हो त्यात, आत्याबाई." मनकर्णानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "पूजेनं कुठं मशीन बिघडतं? माझीच निवड चुकली."

"तसं न्हवं माय, म्या..."

"जाऊ द्या ना. तो दुकानदार तीन दाण्यांची देत होता, ती घ्यायला पाहिजे होती. मला मेलीला हौस शहाणपणाची! भर दुकानात त्याला शिकवायला गेले."

केशरबाईनं मान खाली घालून मेथीची पुढची काडी उचलली. तिच्या मनात आलं असावं, शिकलेली सून म्हणते पूजेनं बिघडत नाही, तर नसेल बिघडत. सुटल्यासारखं वाटलं असेल तिला, कुणी सांगावं.

मी तिथंच पडून होते. मला ओरडायचं होतं. पण आमच्यातून एक शब्द निघायचा तर आधी कुणीतरी आम्हाला जागेवर बसवावं लागतं.

नंतर सूर्यभान आम्हा दोघींना घेऊन हैदराबादला गेला. दुकानदारानं आम्हाला त्याच्या मशीनमध्ये बसवलं. आम्ही जीव तोडून चाललो. त्याला दाखवून द्यायचं होतं ना, की बाईनं चांगल्या पट्ट्या निवडल्या होत्या! आकडे सरसर वर गेले. दुकानदारानं टिचकी वाजवली.

"देखो साब, चकाचक. माल में खोट नै. आपकी पुरानी के साथ जोडी नै जमती. मैं तो बेहनजी को पहलेच बोला था."

सूर्यभाननं घरी येऊन चप्पल काढायच्या आत सांगितलं, "माल चांगला आहे. जोडी जमत नाही म्हणे."

तो वाईट माणूस नाही. त्यानं ऐकलं ते सांगितलं. पण मनकर्णा दारातच उभी राहिली. मी धडधाकट निघाले, हाच तिच्या चुकीचा पुरावा झाला. मी बिघडलेली असते तर दोष माझा झाला असता, दुकानदाराचा झाला असता. आता दोष धरायला ती एकटीच उरली. तिनं शेवटचं म्हणून आम्हाला पुन्हा त्याच दुसऱ्या जागेत बसवून पाहिलं. आकडे निम्म्यावर थांबले. तिनं मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं.

दिवाळी झाली. परभणीहून भगवानराव स्वतः येऊन गेले. चहा घेतला, नमूच्या हातावर चॉकलेट ठेवलं. म्हणाले, "ताई, मी थांबलो असतो हो. शाळा थांबत नाहीत." काम नांदेडला कुणाकडं तरी गेलं होतं.

मनकर्णानं औरंगाबादला होकार कळवला. माझी बहीण पूर्ण्यालाच राहिली, टेबलाच्या खणात. मला का घेतलं कुणास ठाऊक. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

परभणीहून औरंगाबादला जाणारी बस जिंतूरवरून जाते. म्हणून सगळ्या एकाच बसमध्ये बसल्या, मनकर्णा, नमू आणि केशरबाई. नमू खिडकीतून बैल दिसला की हात दाखवायची. जिंतूर जवळ आलं तशी ती आईच्या खांद्यावर झोपली. स्टँडवर बस थांबली. केशरबाईनं हात पुढं केले.

"झोपलीय. उठवू का?" मनकर्णानं विचारलं.

"नको माय. उठली तर रडंल. मग तूच उतरशील खाली."

मनकर्णानं झोपलेलं लेकरू सासूच्या खांद्यावर दिलं. केशरबाई खिडकीखाली येऊन उभी राहिली. "खात पीत जा नीट," एवढंच म्हणाली. बस हलली. मंठा गेलं, जालना गेलं, तरी मनकर्णाचा हात आपल्या खांद्यावरच होता, जिथं नमूची लाळ ओली होती.

औरंगाबादला ती चांगली शिकवते. मी रोज बघते. मेमरीचा धडा आला की ती मला उचलते, वर धरते आणि मुलांना सांगते, "ही बघा. एक एमबीची पट्टी. अगदी चांगली आहे. पण मी घाईनं घेतली, जुन्यांशी जुळते का बघितलं नाही. तुम्ही माझ्यासारखं करू नका."

घाईनं! ज्या बाईनं मला उजेडाकडं धरून पुन्हा पुन्हा पाहिलं होतं, ती. तिनं इतक्या वेळा हे सांगितलंय, की आता तिला तसंच आठवतं.

एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपल्या इथल्या मशीनमध्ये बसवून बघू?"

"चालेल ती इथं," मनकर्णा म्हणाली. "ती कुठंही चालेल. माझ्याकडंच चालली नाही." मुलं हसली. ती विनोद करतेय असं त्यांना वाटलं.

संक्रांतीला नमूचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं. घरमालकिणीकडून शिकून मनकर्णानं हलव्याचा हार केला, इवल्या बांगड्या केल्या, काळं झबलं शिवलं. आणि नेमक्या त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. कुठं गुलाल, कुठं दगड. एसट्या आगारातून निघेनात. तिच्या गल्लीत काही घरांत दिवाळीसारखे दिवे लागले होते. कित्येक वर्षं वाट पाहिलेली माणसं ती, एकमेकांना मिठ्या मारत होती. मनकर्णाला त्यांच्या आनंदाचं वाईट वाटायचं कारणच नव्हतं. तिला फक्त जिंतूरची बस हवी होती. ती स्टँडवर जाऊन आली, पुन्हा गेली. हलव्याच्या हाराला मुंग्या लागल्या.

बस सुरू झाल्यावर ती गेली. मी पर्समध्ये होते. अंगणात नमू खेळत होती. मनकर्णानं हाक मारली, तर पोर धावत जाऊन केशरबाईच्या लुगड्यामागं लपली आणि म्हणाली, "आई, कोन?"

'आई' केशरबाईला म्हणाली.

केशरबाई कावरीबावरी झाली. "अगं येडे, ही तुजी माय हाय! म्या न्हवं." मग सुनेला म्हणाली, "म्या शिकविलं न्हाई गं तिला तसं. लेकरू हाय, जवळ असंल त्याला म्हणतं."

"असू द्या आत्याबाई," मनकर्णा हसून म्हणाली. "चूक माझीच आहे."

पुन्हा तेच. आणि या वेळी केशरबाईनं काहीच सांगायला तोंड उघडलं नाही.

तर अशी मी. आता टेबलावर, खडूच्या डबीशेजारी असते. मला पुन्हा कुठल्या मशीनमध्ये बसायची आस नाही. तिचं पूर्ण्याचं मशीन कापड टाकून झाकलेलं आहे, आणि सूर्यभान ते कुणाला देऊन टाकावं म्हणतो.

पण तुमच्यापैकी कुणी त्या वर्गात शिकायला आलात, आणि बाईंनी मला वर धरून 'ही माझी चूक' म्हटलं, तर कृपा करून हसू नका. हात वर करा. विचारा, "बाई, ही पहिल्या जागेत बसवून पाहिली होती का? दुसऱ्या जागेत बॅटरी मारून पाहिलं होतं का?" एवढंच. त्या विचारात पडतील. विचारात पडल्या की त्या पुढचं शोधून काढतात, मी पाहिलंय. मग पूर्ण्याला जातील, कापड काढतील.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. जमलं तर लवकर विचारा. नमू रोज नवे शब्द शिकायलीय.